चाळीस दिवसांची द्राक्षं

त्या वर्षी मी द्राक्षं सोडली.
कुणी साखर सोडली, कुणी मटण,
बाबांनी विडी (म्हणजे घरातली),
आणि राखेच्या बुधवारी, नऊ वर्षांची मी,
कपाळावरची राख सांडू नये म्हणून
मान ताठ धरून घरी आले, म्हणाले :
द्राक्षं.

आईचं लाटणं थांबलं.
"नाशकात राहून? मार्चात?"

प्रेसच्या क्वार्टर्सबाहेर हातगाड्यांची रांग,
निर्यातीतून बाद झालेले घड
वांग्यांच्या भावाने.
डब्यात द्राक्षं, पाहुण्यांपुढे द्राक्षं,
आणि पिंपळगावच्या दौलतमामांची पेटी
दर शनिवारी एसटीच्या टपावरून उतरायची;
बाबा ती माझ्याच खाटेखाली सरकवायचे,
तिथे गारवा असतो म्हणून.

फिलोमिना मावशी धर्मशिक्षणाला सांगायची,
रविवार त्या चाळिसात धरत नाहीत.
रेमीने लगेच रविवारी जिलेबी खाल्ली.
मी नाही खाल्लं काही.
मला वाटायचं, येशू रविवारीही बघत असेल,
सुट्टी असली तरी.

शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट.
चौदा चित्रं, प्रत्येकापुढे गुडघे,
शहाबादी फरशी दिवसभराची तापलेली.
रंगपंचमी त्या वर्षी शुक्रवारीच आली.
रेमी पंचवटीत रहाडीत उडी मारून थेट चर्चमध्ये,
कानामागे केशरी, नखांत केशरी,
वेरोनिका येशूचा चेहरा पुसते तिथे
तो खिशातल्या रुमालाने हळूच मान पुसत होता.
फादर अल्बननी बघितलं
आणि पुढच्या स्थानाकडे वळले.

त्याच रात्री.
वीज गेलेली. खाटेखालून वास.
ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना सांगायला नको,
ज्यांनी नाही, त्यांना कसा सांगू?
कोरडा कागद, ओला देठ,
आणि आत काहीतरी नुकतंच गोड व्हायला लागलेलं.
हात आपोआप गेला, असं मी म्हणणार नाही.
मी हात घातला.

जाळीपलीकडे फादरांचा खोकला.
"किती खाल्लीस?"
"एकवीस."
"मोजलीस?"
"नंतर. देठ मोजले."
बराच वेळ काही नाही. मग जरा हसल्यासारखं,
"गोड होती?"
"आंबट होती," मी म्हणाले.

तीन वेळा 'नमो मरिया' मिळाली एकवीस द्राक्षांसाठी.
त्या 'आंबट'साठी काही नाही,
कारण ते मी कुणाला सांगितलंच नाही.

मग झावळ्यांचा रविवार.
आमच्याकडे माड नाहीत; दारणाकाठची शिंदी आणायची,
टोकं सुईसारखी.
होसान्ना म्हणताना पुढच्याच्या पाठीत टोचायची,
अर्धी मिरवणूक आई गं करत देवळात शिरायची.
गुरुवारी रात्रीपासून घंटा मुक्या,
त्यांच्या जागी थॉमसकाकांची लाकडी खटखट,
ऐकून क्वार्टर्समधली कुत्रीसुद्धा गप्प.

ईस्टर त्या वर्षी एप्रिलच्या अगदी शेवटाला.
गाड्यांवर कलिंगडं आली होती.
दौलतमामांची पेटी बंद होऊन दोन आठवडे झाले होते.
जागरणाची मिस्सा संपवून आम्ही रात्री एकला परतलो,
बोटांवर मेणबत्तीचं मेण, डोळ्यांत झोप.
आईने स्टुलावर चढून
पोटमाळ्याच्या खिळ्याची सुतळी सोडली.

एक घड. सुकत आलेला,
निम्मी द्राक्षं, निम्मे बेदाणे, काही नुसतेच देठ.
कधी टांगला होता तिने, बोलली नाही.
"घे. संपले तुझे चाळीस."

मी एक तोंडात टाकलं.
इतकं गोड की दात शिवशिवले.
आई विचारत होती, कसं आहे?
मला बोलताच येईना,
जाळीपलीकडचं ते हसणं ऐकू येत होतं.

आता दुसऱ्या शहरात, फ्रीजमधून घड काढते,
खाते, आणि सवयीने
ताटलीच्या कडेला देठ मांडत जाते.
एकवीसच्या पुढे गेले
की मोजणं सोडून देते.